घासागणिक पाणी

आमच्या गल्लीतला टँकरवाला ऐन दुष्काळातही लोकांना हसवायचा. "काका, हंडा धरा, नायतर गोदावरी चालली नाल्याला!" असं ओरडायचा.

त्याची लहानगी प्रत्येक घासाला पाणी मागायची. "टँकरवाल्याची पोर, लई माजली," म्हणत तो तांब्या उचलून ठेवायचा. मीही हसायचो.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं, हृदयापासून निघालेली एक रक्तवाहिनी जन्मापासून तिची अन्ननलिका दाबतेय; ऑपरेशन करावं लागेल.

त्या दुपारी तो ओट्यावर गळ्याला गमछा आवळून कोरडी भाकरी गिळू पाहत होता. डोळे पांढरे झाले होते. मी धावत जाऊन गाठ सोडवली. घास थुंकून तो म्हणाला, "काका, पोरगी रोज असं जेवायची व्हय? आन् आपण हसत होतो."