बिनधुराचा कोळसा

माझ्या संशयी स्वभावाला घरचे कंटाळलेत. बाळ बघायला गेले की मी आधी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडते आणि शेगडी कुठं आहे ते विचारते. बायका तोंड वाकडं करतात. करू देत. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात अपघात विभागाची डॉक्टर होते. धडधाकट मूल अचानक मेलेलं आलं की मी कुणावरच विश्वास ठेवत नसे. आई रडली तरी संशय, नाही रडली तरी संशय. तान्ही मुलं बोलत नाहीत आणि मोठी माणसं खोटं बोलतात, एवढं त्या नोकरीनं शिकवलं होतं.

एका थंडीतल्या दुपारी शिरोलीकडचं एक कुटुंब आलं. सासूच्या हातात महिन्याभराची मुलगी, वाटेतच गेलेली. मागून सून भिंत धरत आली आणि कोपऱ्यात ओकली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. जुळ्यातला मुलगा घरी ठणठणीत, गेली ती मुलगी. दवाखान्यातल्या हवालदारानं मनात निकाल देऊन टाकला.

सासू म्हणाली, "हिनंच कायतरी पाजलंय. सोताबी पिलीया. पोरगी नकोच हुती हिला."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू? म्हणून मी पोरीच्या तोंडाचा वास घेतला. पिकावरच्या औषधाचा वास नव्हता. मग गाल बघितले. मेलेलं मूल काळंनिळं पडतं. ही गुलाबी होती, नुकती शेकून काढल्यासारखी. तो रंग मी बंद खोलीतल्या शेगडीनं गेलेल्या माणसांवर पाहिला होता.

सुनेला खोलीचं विचारलं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, फटींत चिंध्या, खाटेखाली शेगडी. धूर होता का?

"धूर न्हाय. डोकं तेवढं लई दुखतंय."

शेगडीत काय होतं ते तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तो एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. भट्टी उतरवल्यावर उरलेला कोक, म्हणजे लोखंड वितळवायचा कोळसा, तो वेचून घरी न्यायचा. धग भरपूर, धूर अजिबात नाही. बंद खोलीत मात्र त्याचा वायू माणूस मारतो, आणि त्या वायूला ना रंग ना वास. मुलगा वाचला तो सकाळभर आजीच्या मांडीवर उन्हात होता म्हणून.

मग आत्ता कुठं आहे तो? सासू म्हणाली, माझ्या लेकीजवळ, त्याच्या आत्याजवळ ठेवलाय, त्याच खोलीत, दार ओढून.

मी ओरडले. हवालदारानं एक शब्द न विचारता फटफटी काढली आणि बापाला मागं बसवलं. सुनेला आम्ही ऑक्सिजन लावला. सासू हळूच सुनेच्या पायाशी जाऊन बसली.

मुलगा आला तो मलूल होता, पण किरकिरत होता. ती किरकिर ऐकून मला रडू आलं. आत्याचंही चक्करेवरच निभावलं होतं. हवालदारानं मला बाजूला घेतलं. त्याला अजून कळत नव्हतं, मग दोष कुणावर लिहायचा.

बापानं ते ऐकलं. मुलाला छातीशी धरून तो म्हणाला, "माझ्यावर लिवा. लाकडाच्या धुरानं पोरगी खोकत हुती, म्हणून आणलता मी."