बंड्यासाठी चालू ठेवलेली गाडी

आमच्या गल्लीतले तुळशीरामकाका सख्ख्या भावाला गाडीत घेताना दहादा विचार करायचे, पण त्यांचा म्हातारा कुत्रा बंड्या आधी बसायचा आणि मगच गाडी सुरू व्हायची. त्याचे लाड बघून आम्ही हसायचो. छातीला पट्टा, तो सीटबेल्टला अडकवलेला, निघण्याआधी पोट हलकं, वाटेत पाण्यासाठी थांबायचं. कुत्र्याला खिडकीतून डोकं काढू देणारा दिसला की काका सिग्नलवरच त्याची खरडपट्टी काढायचे. शेती गेल्यापासून निगा राखायला त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं, असं आपलं मला वाटतं.

मे महिन्यात त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा होता, मुलीकडे, चिरनेरला. कमळाकाकी म्हणाल्या, कुत्र्याला घरी ठेवा. पण शेजारी हळदीचा डीजे लागलेला, बंड्या पलंगाखालून बाहेर येईना. काकांनी त्याला उचलून गाडीत घातलं, मलाही सोबत घेतलं.

चिरनेरला सुकलेल्या शेतात गाड्या एकमेकींना खेटून लावल्या होत्या. अशा वेळी किल्ली गाडीलाच ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, कुणाची अडली तर यजमान सरकवतात. काकांनी एसी चालू ठेवला, बंड्याला पाणी पाजलं आणि निर्धास्त मांडवाकडे निघाले. जमीन चपलेतून भाजत होती. मला उगाचच चुकचुकल्यासारखं झालं.

गाड्यांवर मुलीचा काका काशिराम लक्ष ठेवून होता. भला माणूस, पाहुण्याची टोपीसुद्धा हरवू न देणारा. त्याला रिकामी गाडी घुरघुरताना दिसली. काचा काळ्या, बंड्या मागे झोपलेला, आणि परक्यावर भुंकणं त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. काशिरामने पुढचं दार किलकिलं करून, हात घालून इंजिन बंद केलं, दारं लॉक केली आणि किल्ली खिशात टाकली. हे आम्हाला नंतर कळलं.

मांडवात मानपान चाललं होतं. काका दोनदा उठायला गेले, दोनदा कुणीतरी टॉवेल-टोपी घेऊन समोर आलं. मग पंगत बसली. मुलाकडचे वडीलधारे म्हणून काका पहिल्या पानावर, आणि ते उठल्याशिवाय पंगत उठत नाही. त्यांना घास गिळवत नव्हता. सारखे गाड्यांकडे बघत होते. बेंजोच्या गोंगाटात गाडीचा आवाज येत नाही, असं मला दोनदा म्हणाले.

काशिराम भात वाढायला आला. अदबीनं वाकून म्हणाला, "काका, तुमची गाडी चालूच राहिलेली. डिझेल फुकट जळत व्हता. मी बंद केली, काळजी नको."

काका उष्ट्या हातानं उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली, रीतच तशी. भरली पानं तशीच राहिली. मानपानात काय चुकलं कुणाला कळेना, बायका आपसांत कुजबुजायला लागल्या. काशिराम आणि मी काकांच्या मागे धावलो.

दार उघडल्यावर भट्टीसारखी झळ तोंडावर आली. बंड्या पुढच्या सीटकडे तोंड करून पडला होता. काकांनी पाणी ओतलं, छाती चोळली, हाका मारल्या. मला रडू आवरेना. कुत्रा गेला होता.

काशिरामने काकांपुढे हात जोडले. आता ही सोयरीक मोडते, असंच मला वाटलं. मांडवातून दोघं-तिघं इकडे यायला निघाले होते. काकांनी खांद्यावरचा मानाचा टॉवेल बंड्यावर पांघरला आणि दार लावून घेतलं.

"कोनाला सांगू नको, काशिराम," ते म्हणाले. "लोक पोरीला पांढऱ्या पायाची म्हनतील. चल, पंगत परत बसव."