चिंचेखालचा तेल पाहणारा

इसमाचे नाव: मुद्दाम वगळले आहे. ठिकाण: चाकणच्या मोटारस्टँडमागील चिंच. वार: शनिवार, बाजाराचा. साक्षीदार: मोटारमालक बाबूराव, तळेगावचे एक गिऱ्हाईक, आणि मी स्वतः, अर्जलेखक, फायनलच्या वर्गापर्यंत शिकलेला. सदर इसमाचे नेहमीचे वाक्य: “घाई नगं. तेल सांगंल.”

वाचकहो, असली माणसे आपणही पाहिली असतील. कोणाचीही मोटार येवो, हा आधी विडी विझवी, मग तेलाची पट्टी उपसून थेंब दोन बोटांत चोळी आणि डोळे मिटून उभा राही. जणू समाधीच लागली! शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस, आणि आव मात्र सिव्हिल सर्जनचा.

शिवाय त्याला माझा टीपकागद लागे. “वकीलसाहेब, येक तुकडा द्या की.” मी वकील नाही हे त्याला ठाऊक होते. त्या कागदावर तो इंजिनातले तेल टाकी आणि घटकाभराने डागाचा काळेपणा व भोवतीचे कडे निरखून सांगे, “कचरा धरलाय. बदला.” मामलेदारसाहेबांच्या नावचे अर्ज ज्याने टिपायचे, त्या कागदाची ही अवहेलना! निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे डिझेल जास्त, पांढरा म्हणजे पाणी शिरले, एवढी त्याची विद्या. बाराखडीहूनही लहान. ती चुकल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही, हे नाइलाजाने नमूद करतो.

बाबूरावांची जुनी मोटार, पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेली, चाकण ते तळेगाव स्टेशन उतारू नेत असे. कांद्यासाठी ट्रक घ्यायचा म्हणून त्यांनी ती विकायला काढली. गिऱ्हाईक म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या मोटारी हाकलेला एक ड्रायव्हर. खरेदीखत मी लिहिले: ‘इंजिन निर्दोष व सुस्थितीत आहे.’ मोटार धूर न काढता शांत चालत होती. ड्रायव्हरने सहीसाठी टाक उचलला आणि उगीचच म्हणाला, “मिस्त्री, तुमी बी येक नजर टाका.”

“बघायचं काय त्यात? नवरीवानी हाय,” बाबूराव म्हणाले.

या इसमाने बॉनेटवर तळहात ठेवला. “पाव्हणं यायच्या आदीच तापवून ठिवली व्हय?”

“थंडीची सुरू व्हायला कुरकुरती जरा.”

“थंडी? वैशाखात?”

चहाच्या गाडीवरचे लोक हसले. मी खाकरलो. याला इशारा कळेल तर ना! त्याने पट्टी उपसली. थेंब लोंबकळला, पडेना.

“गिअरचं जाड तेल वतलंय, बाबूराव. खोकणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला म्हून खोकला बरा हुतो व्हय?” मग चालू इंजिनाचे तेल ओतायचे झाकण काढून त्याने ड्रायव्हरचा हात त्यावर धरला. आतून गरम धुराचे फुत्कार येत होते. “रिंगा झिजल्यात, म्हून धूर खाली उतरून हितनं फुटतोय. सिलिंडर बी गेलाय.”

ड्रायव्हरने टाक खाली ठेवला. माझे अख्खे खत वाया गेले.

मी त्याला बाजूला घेतले. “अहो, एक दिवस गप्प बसला असता, तर काय बिघडलं असतं?”

“माजं न्हाई. त्याचं बिघडलं असतं.”

असा हा उद्धट इसम. त्याच आठवड्यात बाबूरावांनी माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला: सदर इसम सार्वजनिक जागी तेल सांडून घाण करतो व रहदारीस अडथळा आणतो, सबब त्यास चिंचेखालून उठवावे. लिहिताना माझा हात चांगला चालला, हे कबूल करतो. अर्ज मंजूर झाला.

नोटीस आली तेव्हा ती घेऊन तो माझ्याकडेच आला. सोबत जोडलेल्या अर्जाच्या नकलेत माझी वाक्ये जशीच्या तशी होती. “वकीलसाहेब, काय लिवलंय वाचा की.” मी वाचले. मधे थांबलो नाही. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले.

“लई झ्याक लिवलंय,” तो म्हणाला. मग आपले पाने-पक्कड गोणपाटात गुंडाळून पिंपरीच्या बाजूला चालता झाला. तिकडे कारखाने उभे राहत आहेत, असे कोणी म्हणाले.

त्याच्याविषयीचे माझे मत कायम आहे. तो अडाणी होता, मळका होता, आणि कोणासमोर काय बोलावे याचा त्याला पोच नव्हता. फक्त ‘लई झ्याक लिवलंय’ हे वाक्य तो नोटिशीला उद्देशून म्हणाला की मला, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. तरी वाचकांपैकी कोणास तो कोठे आढळल्यास त्यास एवढेच विचारावे, आणि जे उत्तर देईल ते, माझ्याविरुद्ध असले तरी, एक शब्दही न गाळता मला लिहून कळवावे, ही नम्र विनंती.