निवडीतून उगवलेलं शिखर

कणांच्या टकरी परदेशातल्या यंत्रात होतात. त्यांचा डाटा आम्ही इकडे, विद्यानगरजवळच्या विद्यापीठात, कुरकुरणाऱ्या एसीखाली चाळत बसतो. याला काम म्हणतात हे मलकपेठच्या माझ्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही.

एका टकरीतून बरेच कण उडतात. त्यातले कोणते दोन एकाच मूळ कणातून फुटले, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून जुळू शकेल अशा प्रत्येक जोडीला आम्ही उमेदवार म्हणतो. माझ्याबरोबर पीएचडी करणारी दिलसुखनगरची तेलुगू मुलगी एका टकरीतून एकच उमेदवार ठेवायची, ज्याचं वस्तुमान हव्या त्या आकड्याच्या सगळ्यात जवळ असेल तो. हव्या त्या म्हणजे, आजवर कोणालाच न दिसलेल्या एका कणाच्या. तिच्या आलेखावर नेमकं तिथंच सुरेख शिखर आलं, म्हणजे कण सापडल्याची खूण. तिची फेलोशिप संपत आली होती. शिखर टिकलं तर मुदत वाढणार, नाहीतर घरच्यांनी पसंत केलेली सॉफ्टवेअरची नोकरी होतीच.

आमच्या दोघींच्या गाइड सरांनी मला दुसऱ्या पद्धतीनं ताडून बघायला सांगितलं. मी सगळे उमेदवार ठेवले आणि आलेखावर वक्र बसवला. शिखर जवळजवळ सपाट झालं. चूक माझीच निघावी असं मनापासून वाटत होतं. म्हणून तो कण मुळातच नसलेला बनावट डाटा तयार केला आणि तिच्या चाळणीतून काढला. तिथंही तेच शिखर आलं. स्थळ आधीच ठरलेलं असलं की पत्रिका जुळतेच, तसला प्रकार. जवळचेच वेचत गेलं तर तिथं ढीग होणारच की! एवढी साधी गोष्ट आम्हा तिघांपैकी एकालाही सुचली नाही, याचा मला अजून संताप येतो.

तिनं दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. रडली नाही. शिखर आलं म्हणून तिच्या आईनं सगळ्यांसाठी पुलिहोरा, चिंचेचा भात, पाठवला होता. "अक्का, खा लेओ, ठंडा होरा," एवढंच म्हणाली. मी डबा संपवला.

नोकरीला होकार कळवायच्या दिवशी तिनं मला कँटीनमध्ये गाठलं.

"सीधा बोलो अक्का. वहाँ कुछ बी नै ना?"

खरं उत्तर होतं, इतक्या डाटात दिसला नाही, पुढच्या डाटात दिसेलही. पण तेवढ्या 'दिसेलही'वर ती आणखी दोन वर्षं बसली असती. मी म्हणाले, "कुछ बी नै."

तिनं मान हलवली आणि तिथूनच होकार कळवला.

आता नवा डाटा आला आहे. तो मीच चाळते आहे, सगळे उमेदवार ठेवून, अगदी नीट. आणि आलेख उघडताना रोज मनात येतं, तिथं काही दिसू नये. आमच्या कामात याहून वाईट इच्छा नसेल.