पहिली कुंची आत्याची

रेश्माच्या कुंच्या आता पुण्याला जातात, हे संस्कृतीला तिच्या आईनंच सांगितलं. वर म्हणाली, "बघ, पोरीनं कसं नाव काढलं!"

संस्कृती भाकरी मोडत होती. ती मोडतच राहिली.

दोघी एका बाकावर शिकल्या. दोघींनी मराठीत एम.ए. केलं. संस्कृती जुळे सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. रेश्मानं भावाच्या बाळासाठी हौसेनं एक कुंची शिवली. मग शेजारणीच्या नातवासाठी एक. बघता बघता तिच्या कुंभारी गावातल्या घरात पुढच्या खोलीत मशिनी आल्या, हाताखाली बायका आल्या, दारावर पाटी आली. आणि कुंची म्हणजे काय, तर तान्ह्याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं टोपरं. त्याची झालर धरायला रेश्माला शिकवलं कुणी? संस्कृतीनं.

रेश्माची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्याच घरचं जुनं लुगडं, जुनं धोतर मागवायचं आणि त्याची कुंची शिवायची.

"लोकांच्या चिंध्या लोकांनाच विकते," संस्कृती स्टाफरूममध्ये म्हणाली.

"काय डोकं आहे गं पोरीचं!" बाजूच्या मॅडम म्हणाल्या.

तशात संस्कृतीच्या भावाला, अजिंक्यला, मुलगी झाली. वहिनी माहेरी, करकंबला होती. संस्कृती आत्या झाली. पहिली कुंची आत्याची, हे तिनं मनात कधीच ठरवून टाकलं होतं. फोनवर वहिनी म्हणाली, "कुंचीचं रेश्माताईंना सांगितलंय. आईंनी त्यांचं जुनं इरकल दिलं. तुम्हाला कुठं वेळ असतो, ताई?"

आईनं इरकल दिलं होतं. रेश्माला. घरात लेक असताना.

संस्कृतीनं नव्या पेठेतून कोरा हिरवा खण आणला. कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून शिवत बसली. कुणाला बोलली नाही. काठाला मोती लावले. कुंची अशी उतरली की रेश्माला सात जन्मांत जमली नसती.

पाचवीच्या पूजेला ती करकंबला पोचली. वहिनीच्या आईनं, बजाबाईंनी, कुंची हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"लई झ्याक! काय हात हाय तुमचा, ताई!"

संस्कृतीच्या जिवात जीव आला.

"पर कोरं कापड हाय न्हवं हे? बारशापतूर लेकराला कोरं लावत न्हाईत. अंगावरचं जुनेर लागतंय. ऱ्हाऊ द्या, बारशाला घालू की."

त्यांनी ती अलगद फळीवर ठेवली. बाळाला इरकलाची कुंची घातली. टीप कुठं कुठं वाकडी होती. बाळ गाढ झोपलं.

"कुणी शिवली म्हणं ही?"

"ताईंची मैत्रीण," वहिनी म्हणाली.

"व्हय? मग नंबर द्या की तिचा, ताई. धाकटीचं दिवस भरत आल्यात."

संस्कृतीनं नंबर सांगितला. शेवटचा आकडा चुकीचा सांगितला. का, ते तिलाही कळलं नाही. बजाबाईंनी लगेच लावला.

"लागंना की!"

"आई, माझ्याकडं आहे," वहिनी म्हणाली आणि तिनं लावून दिला. बजाबाईंनी फोन संस्कृतीच्याच कानाला टेकवला. "बोला तुमीच. मैतरीण हाय न्हवं?"

"मी संस्कृती," ती म्हणाली.

"अगं, भाचीला बसली का?" रेश्मानं विचारलं.

"बसली."

संस्कृतीची नजर फळीवरच्या कुंचीकडं गेली. मग ती हळूच म्हणाली, "मीपण एक शिवली. खणाची. कोरं चालत नाही म्हणे."

"अगं बाई! माझ्या पहिल्या सगळ्या त्यापायीच पडून राहिल्या. सांगितलं असतं की मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू शिवतेस हे मला सांगितलंस का?"

संस्कृतीनं फोन बजाबाईंच्या हातात दिला.