काकीच्या हातावरचा नंबर

सुजाताचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाईकाचे आजोबा फ्रेममध्ये उलटे बसवत होतो. मुद्दाम नाही. चष्मा घरी राहिला होता, आजोबांना वर टक्कल आणि खाली भरघोस दाढी, मला वाटलं दाढी म्हणजे केस. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठे गेले?" ... असा मी बावळट. सत्तरी कधीच उलटली, तरी माणूस गेला म्हणजे काय हे मला दोनदा सांगावं लागतं. ती परत म्हणाली, "काका, गेले हो." तेव्हा डोक्यात शिरलं. फोन ठेवला आणि ते आजोबा तसेच उलटे बांधून दिले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला आलं, पण माझं तोंड बघून फ्रेम तिथेच ठेवून निघून गेलं.

सुजाताचे बाबा, दिनू परब, म्हणजे माझा चाळीतला दोस्त. वरळीची बीडीडी चाळ, एकच मजला, त्यांची खोली आणि आमची समोरासमोर. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हुशार, मॅट्रिक होऊन विम्याच्या ऑफिसात क्लार्क लागला, शर्ट कायम खोचलेला. मी तिसरीत शाळा सोडली. म्हणजे शाळेने मला सोडलं. लालबागला फोटोफ्रेमच्या दुकानात काचा पुसायला लागलो आणि पुढे ते दुकानच गळ्यात पडलं. हे पण मी लिहीत नाहीये बरं का. मी बोलतो, नात मोबाईलवर उतरवते आणि मध्ये मध्ये "आजोबा, हे नको ना" म्हणते. तेवढंच मी ठेवायला सांगतो.

दिनूचा बाप सखाराम परब दुसऱ्या महायुद्धात गेला. गिरणीत होता, पलटणीत भरती झाला आणि बोटीत बसून ब्रह्मदेशाच्या बाजूला लढायला गेला. दिनू तेव्हा आईच्या पोटात. मग कधीतरी एक कागद आला, माणूस बेपत्ता आहे म्हणून. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. बेपत्ता. तो कागद उंदरांनी खाल्ला आणि काकी, म्हणजे दिनूची आई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून जन्मभर वावरली. वटपौर्णिमेला सगळ्या मजल्यात पहिली तयार. चाळीतली पोरं दिनूला चिडवायची, "तुझा बाप तिकडे बर्मीण करून बसलाय." मी पण चिडवायचो, त्याचा मार खायचो आणि संध्याकाळी त्याच्याच घरी माशाचं कालवण भात जेवायचो. लाज म्हणून नव्हती. एकदा एका भटजींनी काकीला सुचवलं की नवऱ्याचं श्राद्ध घालून टाका, आत्म्याला गती मिळेल. काकी अशी उसळली... "माझो घोव जितो आसा! जित्या माणसाचा श्राद्ध घालूक सांगतास?" भटजी दक्षिणा न घेता जिना उतरले. तसं मी आयुष्यात एकदाच बघितलं.

आता त्या नंबराचं. बाप जाताना काकीला सांगून गेला होता की पत्रावर नुसतं नाव चालत नाही, पलटणीतला नंबर घालावा लागतो, नाहीतर पत्र पोचत नाही. काकीला अक्षर येत नव्हतं. कागदावर तिचा भरवसा नव्हता. म्हणून तिने गोंदणारणीला दारात बसवून तो नंबर डाव्या हातावर, कोपराच्या खाली गोंदवून घेतला. दुसऱ्या बायका नवऱ्याचं नाव गोंदतात, हिने नंबर गोंदला. पत्र लिहून देणारा कोणी भेटला की ती पदर सारून हात पुढे करायची, त्याने बघून उतरवून घ्यायचं. उत्तर कधी आलं नाही, पण हात पुढे व्हायचा. वर्षं गेली तशी कातडी सैल झाली, हिरवे ठिपके पसरले आणि आकडे एकमेकांच्या अंगावर रेलून बसले, आमच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्यांसारखे.

काकी गेली तेव्हा दिनू पन्नाशीचा होता. तिला आंघोळ घालायला बायका जमल्या आणि कुजबूज सुरू झाली... मळवट भरायचा का नाही? नवऱ्याचा तर पत्ता नाही. एक म्हातारी फटकन म्हणाली, "मेल्या माणसाची सवाशीण म्हणून पाठवताय काय हिला?" दिनू कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी तो दारातून म्हणाला, "मळवट भरा. हिरवं लुगडं नेसवा." बायकांनी तसंच केलं. आणि तो हात नंबरासकट जळून गेला. तो उतरवून घ्यावा असं कुणाच्याच मनात आलं नाही.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका शनिवारी दिनू दुकानात आला आणि म्हणाला, "बबन, मला बापाचा छडा लावायचाय." मी म्हटलं, "आता? आता सापडला तर तोच तुला म्हणेल, अरे म्हाताऱ्या, तू कोण?" तो हसला नाही. मग मी मुकाट चप्पल घातली. तेव्हापासून पंधरा वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवार त्यात गेला. फोर्टातल्या एका लायब्ररीत तो पलटणींची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचायचा आणि मी नकाशे बघता बघता घोरायचो. शिपाई मला हलवून उठवायचा, "काका, इथे वाचायला बसतात." मी म्हणायचो, "हा वाचतोय ना, मी ऐकतोय." घाटावरच्या एका लष्करी कचेरीत पण गेलो. गेटवरच्या जवानाला मी सलाम ठोकला, तो डाव्या हाताने, कारण उजव्यात जेवणाचा डबा. जवान हसू दाबत बाजूला बघत राहिला. आत टेबलावर एक रिटायर सुभेदार होते, मिशीवाले, स्वभावाने चांगले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजोबा, नंबर आणा. सखाराम परब असं नुसतं नावाने विचारलंत तर इथे अख्खी पलटण उभी राहील." खरंच होतं. कोकणात दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी सखाराम परबालाच लागतो.

नंबर काय, असं विचारलं की दिनू म्हणायचा, पहिले तीन आकडे आठवतात, पुढचं पुसट आहे. म्हणून आम्ही फोटो शोधायला लागलो. काकीचा डावा हात ज्यात दिसेल असा फोटो. त्याच्या लग्नातले, सुजाताच्या बारशातले, चाळीच्या सत्यनारायणाचे, नातेवाइकांच्या पेट्यांतले, सगळे काढले. एकात हातावर कोपरापर्यंत बांगड्या, एकात पदर, एकात हात पाठीमागे. एका फोटोत मात्र काकी अशी बसलीय की हात सरळ कॅमेऱ्यासमोर... आणि मध्ये माझं डोकं. तोंडात लाडू, गाल फुगलेला, वाकून दुसरा लाडू उचलतोय. दिनूने तो फोटो स्टुडिओवाल्याकडून मोठा करून आणला. माझा कान काय क्लिअर आला म्हणून सांगू, कानातला केससुद्धा. दिनू बराच वेळ त्या कानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या शनिवारी दादरला माझ्या मावसभावाकडे बघू."

मी दमलो हो. गुडघे गेले, दुकानात गिऱ्हाईक राहिलं नाही, आता लोक मेलेल्या माणसाचा फोटो पण मोबाईलवर ठेवतात. चाळ पाडायला घेतली, दिनू नव्या टॉवरमध्ये वर राहायला गेला. तिथून समुद्र दिसतो, पण समोरच्या दारातला माणूस दिसत नाही. तिथूनही तो शनिवारी पिशवी घेऊन खाली यायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "दिन्या, सोड आता. तूच जाऊन वर विचार बापाला." तो म्हणाला, "तू येशील ना बरोबर?" मी म्हटलं, "डबा कोण आणणार मग?"

शेवटचं भेटलो ते परळच्या हॉस्पिटलात. दुपारची वेळ, वॉर्डात पंखा करकरत होता. मी घरून पेज नेली होती, त्यातली निम्मी माझ्याच शर्टावर सांडली होती. दिनूने दोन चमचे घेतले, डोळे मिटले आणि एकदम बोलायला लागला. आकडे. पाढे म्हणावेत तसे चालीत, लहान पोराच्या आवाजात, एकामागून एक, सगळे, शेवटपर्यंत. मी उडालोच. "अरे आठवला! थांब, थांब, सिस्टरकडून पेन आणतो, परत म्हण..." त्याने माझं मनगट धरलं.

"बस खाली. आठवला नाय. विसरलोच नव्हतो."

मला काही समजेना. तो म्हणाला, "आईने मला आकडे त्या हातावरच शिकवले, बबन. शाळेच्या आधी. कसा विसरेन?"

"मग ती लायब्ररी? ते घाटावर गेलो ते? आणि माझा कान?"

"तुझा कान बरा आला होता," तो म्हणाला आणि हसला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर हसला. मग दम लागला. मी पाणी दिलं. घोटभर पिऊन म्हणाला, "त्या सुभेदारासमोर जिभेवर आला होता रे. गिळला. सांगितला असता आणि कळलं असतं की तो तिकडेच मेला, तर आईचं कुंकू खोटं. मळवट मी भरायला लावला. आणि कळलं असतं की जगला आणि परत आलाच नाही, तर बाप खोटा. यातलं कुठलं घेऊ, सांग. शोधतोय तोवर दोघं खरी होती."

 मी शर्टावरची पेज पुसत बसलो. पंधरा वर्षं माझी वरात काढली याचा राग यायला हवा होता, पण राग यायला पण अंगात जोर लागतो. निघताना विचारलं, "मग मला कशाला सांगितलास?" तो म्हणाला, "कुणाकडे तरी ठेवायला पाहिजे ना." त्यानंतर दोनच दिवसांनी सुजाताचा तो फोन.

तेराव्याला ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, बाबांनी शेवटी काही सांगितलं का? त्यांचं ते राहिलेलं काम आहे ना, मी करीन. आता सगळं ऑनलाईन बघता येतं, फक्त नंबर हवा." मी म्हटलं, "नाही ग, पेज गरम आहे म्हणाला." तिने मान डोलावली. तिचे डोळे अगदी काकीचे.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. दोनाचा पाढा माझ्या डोक्यात सहाच्या पुढे कधी टिकला नाही, आणि एकदाच ऐकलेला हा नंबर दुकानाचं शटर उघडताना आपोआप तोंडात येतो, त्याच चालीत. वाटतं विसरलो तर सुटेन. विसरत नाही. आणि उद्या मी गेलो तर तो माझ्याबरोबर जाईल, काकीबरोबर गेला तसा, मग दिनूने तो ठेवला कुठे?

म्हणून सुजाता, हे तुझ्यासाठी. हे ज्यात छापून येईल ती पेपरची पुरवणी तू घेतेस, मला माहीत आहे. नंबर माझ्याकडे आहे. नातीला सांगितलेला नाही, इथे छापायचा तर प्रश्नच नाही. तो तुझ्या आजीचा आहे, माझा नाही. तुझ्या बापाला त्यातलं एकही उत्तर सोसणार नव्हतं. तुला सोसेल का, ते तू ठरव, मी अडवणारा कोण? पाहिजे असेल तर शनिवारी दुकानात ये, मी म्हणून दाखवतो, तू लिहून घे. नको असेल तरी ये, नुसता चहा पिऊ. तुझा बाप बसायचा ते स्टूल तिथेच आहे. एक पाय आखूड आहे त्याचा. तो भिंतीला पाठ लावून बसायचा, तशी बस, म्हणजे हलणार नाही.