उपाशी की जेवलेला?

“हा उपाशी होता की जेवलेला?” मेलेल्या मुशीकडे, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या शार्क माशाकडे बघून असं विचारणारी बाई मी उभ्या रत्नागिरीत एकच पाहिली. मासा ताजा की शिळा, एवढं बघून तुम्हीआम्ही पिशवी उघडतो. ही त्याच्या जेवणाची चौकशी करायची.

दोन हजार सालच्या आसपास ती आमच्या कॉलेजात तासांवर प्राणिशास्त्र शिकवत होती. मी मराठीचा, वयाने बराच मोठा. स्टाफरूममध्ये आमचं टेबल एक, कारण तिच्या हातांच्या वासाने बाकीचे लांब बसत आणि मला बारमाही सर्दी. मुशीच्या आतड्यातल्या पट्टकृमींवर तिची पीएच.डी. चालली होती. ती झाली तर नोकरी कायम. नाहीतर दर जूनला प्राचार्यांच्या दाराशी उभं राहायचं. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते आणि कमावणारी ही एकटी.

“सर, कृमी म्हणजे पाहुणा,” डबा खाताखाता ती सांगायची. (हो, डबा खाताना.) “यजमानाच्या घरी शिजतंय की नाही, हे त्याला आतल्या आत कळत असणार. नसेल शिजत तर तो वाढणार नाही, अंडी घालणार नाही, गप्प पडून राहील. यजमान मेला तर आपणही मेलो, एवढं त्याला समजायलाच हवं.”

“मग आमच्या पाहुण्यांपेक्षा बरा,” मी म्हणायचो. ती ठसका लागेपर्यंत हसायची.

बंदरावरची एक मासेवाली मावशी तिच्यासाठी मुशींची पोटं आतड्यांसकट पिशवीत काढून ठेवायची. तास संपले की ही जाऊन पिशवी आणायची. पोट रिकामं निघालं तर मासा उपाशी, भरलेलं निघालं तर जेवलेला. मग आतड्यातले कृमी मापायचे. कित्येक वर्षं हेच. पण निघालं भलतंच. उपाशी मुशीतला कृमीही तेवढाच लांब, तेवढाच अंड्यांनी भरलेला.

“पाहुणा निर्लज्ज निघाला, सर,” ती खट्टू होऊन म्हणाली. तिचे मार्गदर्शक मात्र खूष झाले. सगळे समजतात त्याच्या उलट काही हाती लागलं की विद्यापीठात वजन वाढतं. प्रबंध टाइप होऊन बांधायला जायचा तेवढा राहिला.

एक दिवस सकाळचे तास रद्द झाले. मला बांगडे हवे होते, म्हणून तिच्याबरोबर मीही बंदरावर गेलो.

“आज लवकर कशा, बाय?” मावशी म्हणाली. “थांबा जरा, अजून धुवायची ऱ्हायलीत.”

“काय धुवायचं?”

“ही पोटा. आत काय काय कुजलेला असता. तुमी कॉलेजातल्या बाय, तुमाला तसली घान कशी देऊ? दाबून काढतंय, धुतंय नि मग देतंय. आतड्याला हात लावीत नाय हां, तुमी सांगितलाव तसा.”

“नेहमी धुता?”

“म्हंजे काय! गिऱ्हाईक लय असला तर ऱ्हाता कधीतरी. रागावू नका.”

“छान करता हो, मावशी,” ती म्हणाली आणि पिशवी घेतली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “सर, रिकामं पोट म्हणजे धुतलेलं, भरलेलं म्हणजे धुवायचं राहिलेलं. इतकी वर्षं मी मावशींची गर्दी मापली.”

मार्गदर्शक म्हणाले, कोण बघायला येणार आहे, देऊन टाक. हिने प्रबंध मागे घेतला. मला तिचाच राग आला. त्या जागेवर जो आला त्याचा प्रबंध कुठून कुठून उचललेला होता हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो आजही हजेरी घेतो. हे आठवलं की अजून जळतं.

वर्ष संपेपर्यंत ती मावशीकडून पिशव्या आणत राहिली आणि प्रयोगशाळेमागे खड्डा खणून पुरत राहिली. पुढच्या जूनमध्ये तिला तास मिळाले नाहीत. वडिलांना घेऊन ती देवरूखला मामांकडे गेली. तिथे शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेते म्हणे. माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही.

परवा बंदरावर मावशीने मला ओळखलं.

“आमची बाय आता मोठी झाली असंल, नाय?”

“झाली ना.”

“मंग? तिच्यात माजापन वाटा हाय हां, सर.”

“आहे तर, मावशी,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?